सँपल पास झाल्याशिवाय पाच टन ओतू नका

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरातली इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची चार पोरं मिळून लाल मातीतल्या कुस्तीवर मोबाइल गेम करतायत. त्यातल्या एकाचे काका शिरोलीत फाउंड्री चालवतात. ते पैसे घालायला तयार आहेत, पण म्हणतात, "कुस्तीबिस्ती राहू दे, लुडोसारखं काहीतरी काढा, चालतंय ते." कॉलेजचे सर म्हणतात बॅटल रॉयल करा, म्हणजे पबजीसारखं, शेवटी एकच उरेपर्यंत सगळ्यांनी लढायचं; पोरं तेच खेळतात. आणि तो पुतण्या मला विचारतो, "ताई, ही सगळी इंडस्ट्री तेच तेच का काढत बसते? नवीन करणाऱ्याला यात जागा आहे की नाही?"

आधी काकांची बाजू घेते. आपल्याकडे गेम करणारी पोरं पैसे घालणाऱ्या माणसाला लगेच अडाणी ठरवून मोकळी होतात. तुझे काका जे बोलतायत तेच अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या मोठ्या कंपन्यांचे संचालक सूट घालून, पडद्यावर आलेख दाखवून बोलतात.

मी या धंद्यात सतरा वर्षं काढली. पुण्यात, मग बेंगळुरूला, आणि गेली पाच वर्षं राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत. पण या धंद्याचा हिशेब मला कळला तो त्याच्या कितीतरी आधी, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या उद्यमनगरात. माझे वडील पॅटर्नमेकर, म्हणजे ओतायच्या नगाचा लाकडी नमुना करणारे. पंपाच्या बॉडीचा सागवानी पॅटर्न करायला त्यांना दोन-दोन आठवडे लागायचे. ड्रॉइंग वाचायचं, लोखंड थंड होताना आकसतं म्हणून माप तेवढं वाढवून धरायचं, आतल्या पोकळीसाठी कोअर बॉक्स वेगळा करायचा, शेवटी पॉलिश पेपर मारत बसायचं. तो पॅटर्न फाउंड्रीत गेला की वाळूत दाबायचा, उचलायचा, ओतायचं. पुन्हा दाबायचा, पुन्हा ओतायचं. पॅटर्नची मजुरी एकदाच. फाउंड्रीवाला कमावतो तो पाचशेव्या नगावर.

व्हिडिओ गेममध्ये पॅटर्न म्हणजे इंजिन (गेम ज्यावर चालतो तो मूळ कोड), कॅमेरा, माणसं पळतात-वळतात-पडतात ती ॲनिमेशन, दोन गावांतल्या दोघांना एकच क्षण एकाच वेळी दिसावा म्हणून लिहिलेला नेटवर्कचा कोड, लेव्हल बांधायची आतली टूल्स. पहिल्या भागाचा बहुतेक पैसा यात जिरतो आणि खेळणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही. दुसऱ्या भागाच्या वेळी पॅटर्न तयार असतो. कॉल ऑफ ड्यूटी २००५ पासून दरवर्षी येतोय तो असाच, वेगवेगळे स्टुडिओ आळीपाळीने ओततात. फुटबॉलचा फिफा १९९३ पासून चालू आहे. मधे फिफा संघटना आणि ईए कंपनीचं फाटलं, २०२३ मध्ये नाव बदलून ईए स्पोर्ट्स एफसी झालं. एवढं तीस वर्षांचं नाव गेलं तरी लोकांनी तोच खेळ नव्या पाटीखाली घेतला. दिवाळी अंकासारखं आहे ते. मुखपृष्ठ नवीन, आतले लेखक तेच, आणि घेणाराही दरवर्षीचाच.

आता आकडा बघ. २०२३ च्या डिसेंबरात इन्सोम्नियॅक या स्टुडिओचे आतले कागद हॅकरांनी बाहेर काढले. त्यात स्पायडर-मॅन २ चा खर्च ३० कोटी डॉलरच्या आसपास होता. रुपयांत अडीच हजार कोटी. तो गेम सोनीचा स्वतःचा, त्यामुळे दुकानही त्यांचंच. पण बाहेरच्या एखाद्या कंपनीने एवढे घातले असते तर? ७० डॉलरच्या प्रतीमागे दुकानदार ३० टक्के कापतो, हातात ४९ राहतात. म्हणजे फक्त मुद्दल सुटायला ६० लाखांवर प्रती विकायच्या, आणि जाहिरात यात अजून धरलेलीच नाही. ज्या माणसाने ६० लाख प्रती विकायची जबाबदारी घेतली आहे, त्याच्यासमोर तू "सर, कुणीच कधी केलं नाही असं काहीतरी आहे" म्हणून उभा राहिलास तर तो तुला चहा पाजून परत पाठवेल. मीही पाठवला असता.

तुझ्या "तेच तेच" या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्या आहेत, त्या आधी सोडव. दुसरा भाग काढणं म्हणजे नक्कल, असं तू धरून चाललायस. पहिला स्ट्रीट फायटर १९८७ चा, आज तो कुणी आठवून खेळत नाही. ज्या खेळाने मारामारीच्या गेमची सगळी जातच घडवली तो १९९१ चा दुसरा भाग. ॲसासिन्स क्रीड २००७ मध्ये आला तेव्हा कल्पना भन्नाट होती, पण तासाभरात कंटाळा यायचा. २००९ च्या दुसऱ्या भागात ती कल्पना खेळण्यासारखी झाली. पॅटर्न तयार असला की डोकं दुसरीकडे लावता येतं, हा त्यातला फायदा.

नकलेचंही तसंच आहे. १९९३ मध्ये डूम हा नायकाच्या नजरेतून गोळीबार करायचा गेम आला आणि पुढची काही वर्षं त्या धर्तीच्या प्रत्येक खेळाला लोक "डूम क्लोन" म्हणायचे. मग हळूहळू "फर्स्ट पर्सन शूटर" हे नाव रुळलं आणि नकलेचा शिक्का पुसला गेला. रेसिडेंट ईव्हिल ४ ने २००५ मध्ये कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे आणला. तो सगळ्या जगाने उचलला, आणि बरं झालं. तालमीत वस्ताद नव्या पोराला ढाक शिकवतो तेव्हा "हा डाव आधीच कुणीतरी मारलाय" असं कुणी म्हणत नाही.

मग बिघडतं कुठे? पॅटर्न झिजतो तिथे. वाळूत दाबून दाबून लाकडाच्या कडा गोल होतात, माप जातं, आणि मग मशीनशॉपवाला कास्टिंग हातात घेऊन बोंबलत येतो. वडिलांचं म्हणणं असायचं की झिजलेला पॅटर्न फाउंड्रीवाल्याला सगळ्यात शेवटी दिसतो, कारण त्याचं ओतकाम चालूच असतं.

गिटार हिरो घे. २००५ मध्ये प्लास्टिकची गिटार हातात देऊन गाण्याच्या तालावर बटणं दाबायला लावणारा हा खेळ आला आणि लोक वेडे झाले. कंपनीने मग ओतायला सुरुवात केली. एका २००९ सालात त्या कुटुंबातले निदान अर्धा डझन खेळ बाजारात आले, प्रत्येकाबरोबर गिटार नाहीतर ड्रम नाहीतर आणखी काहीतरी. लोकांच्या घरात ठेवायला जागा उरली नाही. २०११ च्या फेब्रुवारीत ॲक्टिव्हिजनने तो विभागच बंद केला. तशीच कल्पना वर्षाला एक या बेताने चालवली असती तर दहा वर्षं खाल्ली असती, असं मला अजून वाटतं.

तुझ्या विषयाच्या जवळचं उदाहरण डब्ल्यूडब्ल्यूईच्या गेमचं. २००० पासून युक्स नावाची जपानी कंपनी ते करत आली होती, जवळजवळ दरवर्षी एक. २०१९ मध्ये युक्स बाहेर पडली, दुसऱ्या स्टुडिओने तोच जुना कोड हातात घेऊन ठरल्या तारखेला डब्ल्यूडब्ल्यूई २के२० काढला. पैलवानांचे चेहरे वितळल्यासारखे, माणसं दोरखंडात अडकून थरथरतायत, गेम मधेच बंद पडतोय. इंटरनेटवर महिनाभर लोक हसत होते. मग गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीने जे कधी केलं नव्हतं ते केलं: पुढच्या वर्षीचा मुख्य गेम रद्द. २०२२ च्या मार्चमध्ये डब्ल्यूडब्ल्यूई २के२२ आला तो नीट बांधलेला होता. युबिसॉफ्टनेही ॲसासिन्स क्रीडबाबत तसंच केलं, २०१४ मध्ये युनिटी या भागाची फजिती झाल्यावर २०१६ साल मोकळं सोडलं आणि २०१७ मध्ये ओरिजिन्स आणला. भट्टी एक वर्ष थंड ठेवायला छाती लागते. काकांना विचार, भट्टी थंड ठेवली की किती रुपये रोज जातात ते.

सरांच्या बॅटल रॉयलला मात्र माझा सरळ नकार आहे. दुसऱ्याचा चालता गेम बघून तू सुरुवात करतोस, तुझा तयार होईपर्यंत काही वर्षं जातात, तोवर लोकांनी आपलं घर निवडलेलं असतं. सोनीने कॉन्कॉर्ड असाच आणला: पाच-पाच जणांची गोळीबाराची टोळीयुद्धं, ज्या प्रकारचे चांगले खेळ लोकांकडे आधीच फुकट होते. वर्षानुवर्षं काम, ४० डॉलर किंमत. २०२४ च्या २३ ऑगस्टला बाजारात आला, ६ सप्टेंबरला सर्व्हर बंद केले आणि सगळ्यांना पैसे परत दिले. त्यानंतर स्टुडिओही बंद. बॅटल रॉयलला एका मॅचला साधारण शंभर माणसं लागतात. रात्री दोन वाजता तुझ्या गेममध्ये शंभर माणसं कुठून आणणार? गंगावेशीतून? पुण्याच्या सुपरगेमिंगने इंडस नावाचा बॅटल रॉयल ऑक्टोबर २०२४ मध्ये आणला, पण त्यांच्यामागे आधीच्या गेमचा अनुभव आहे, मोठी टीम आहे. चार पोरांनी हे करू नये. सरांना माझा नमस्कार सांग.

आणि गंमत बघ. ज्या बॅटल रॉयलची सगळे नक्कल करतात तो जन्मला कुठे? ब्रेंडन ग्रीन नावाचा माणूस दुसऱ्याच कंपनीच्या आर्मा या गेममध्ये हौसेने फेरफार करत बसला होता. त्यातून पुढे २०१७ मध्ये पबजी आला. काउंटर-स्ट्राइक १९९९ मध्ये दोन पोरांनी हाफ-लाइफ या गेममध्ये केलेली फेरफार होती, तो गेम काढणाऱ्या वॉल्व्ह कंपनीने ती नंतर विकत घेतली. डोटा म्हणजे वॉरक्राफ्ट ३ मध्ये चाहत्यांनी बनवलेला एक नकाशा. त्यातून लीग ऑफ लेजेंड्स निघाला. पोर्टल आठवतोय? भिंतीला भोकं पाडून एकातून शिरायचं, दुसऱ्यातून निघायचं. ती कल्पना विद्यार्थ्यांच्या नार्बॅक्युलर ड्रॉप नावाच्या प्रोजेक्टमधली. वॉल्व्हने तो बघितला आणि त्या पोरांना सरसकट कामावर ठेवलं. २००७ मध्ये पोर्टल आला. माइनक्राफ्टसुद्धा मार्कस पर्सनने २००९ मध्ये एकट्याने सुरू केला, तोही इन्फिनीमायनर नावाच्या एका छोट्या गेमवरून सुचलेला. पाच वर्षांनी मायक्रोसॉफ्टने त्याला २.५ अब्ज डॉलर मोजले.

या सगळ्यांत समान काय आहे ते बघ. हे लोक तुझ्यामाझ्यापेक्षा फार हुशार होते असं नाही. त्यांचा पॅटर्न दुसऱ्याने करून ठेवलेला होता, किंवा काम एवढं लहान होतं की फसलं तर कुणाचं घर बुडत नव्हतं. ग्रीनचे पहिले दहा प्रयोग फसले असते तरी त्याच्या संध्याकाळी वाया गेल्या असत्या, एवढंच. मोठ्या कंपनीला चुकणं परवडत नाही, म्हणून ती नवीन शोधत नाही. ती नवीन विकत घेते. यात वाईट वाटून घेण्यासारखं मला काही दिसत नाही. आपल्याला स्वस्तात चुकता येतं, हा आपला माल आहे.

इथे एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. स्वस्तात केलेलं नवीन तितक्याच स्वस्तात चोरलंही जातं. २०१४ च्या फेब्रुवारीत थ्रीज नावाचा आकड्यांचा गेम आला. दोन-तीन जणांनी चौदा महिने घासून काढलेला, फरशी सरकवताना अंगठ्याला बरं वाटावं इथपर्यंत विचार केलेला. काही आठवड्यांत १०२४ नावाची नक्कल आली आणि मार्चमध्ये २०४८. ती एका एकोणीस वर्षांच्या इटालियन पोराने दोन-तीन दिवसांत करून फुकट वाटली. आज तू कुणालाही विचार, २०४८ माहीत असतो. थ्रीज विचारलास तर तोंडाकडे बघतात.

कायदा इथे फार कामाचा नाही. खेळाच्या नियमांवर कॉपीराइट मिळत नाही. चित्रं, संगीत, कोड, मांडणी यांवर मिळतो. टेट्रिसवाल्यांनी २०१२ मध्ये अमेरिकेत एका नकलेविरुद्ध खटला जिंकला तो दिसणं हुबेहूब उचललं होतं म्हणून. ठोकळे पडतात आणि ओळी पुसतात या कल्पनेची मालकी त्यांनाही मिळाली नाही. आपल्या चपलेचं काय झालं ते आठव. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाच्या मॉडेलांच्या पायात तोच घाट दिसला, नाव मात्र कोल्हापुरी नव्हतं. ओरड झाल्यावर प्राडाने प्रेरणा कुठली ते कबूल केलं. मानांकन नावाला कुलूप लावतं, आकाराला लावत नाही. उलट टोकालाही लोक जातात: वॉर्नर कंपनीच्या शॅडो ऑफ मॉर्डर या गेममध्ये शत्रू तुला लक्षात ठेवून परत येतो, त्या पद्धतीचं तिने २०२१ मध्ये पेटंट मिळवलं. त्यानंतर ती कल्पना कुणी पुढे नेलेली मी पाहिली नाही, वॉर्नरनेही फारशी नाही. असं कुलूप लागण्यापेक्षा चोरी बरी, असं माझं मत. माझ्या ओळखीतल्या अर्ध्या लोकांना ते पटत नाही.

आता लुडो. काका जेव्हा "चालतंय ते" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर लुडो किंग असतो. प्ले स्टोअरवर लुडो असं टाइप कर आणि खाली खाली जात राहा. अंगठा दुखेपर्यंत लुडो येतील. ते सगळे लुडो किंगइतकेच लुडो आहेत, त्यातले बहुतेक कुणी उघडतसुद्धा नाही. मुळात लुडोच नक्कल आहे म्हणा: आपल्या पचिशीवरून इंग्रजांनी १८९६ मध्ये पेटंट घेतलेला. लुडो किंग २०१६ चा, लॉकडाऊनच्या आधी चार वर्षं तो बाजारात होता. त्याने केलेली गोष्ट साधी होती. नियम आजीलाही माहीत असलेले ठेवले आणि दुसऱ्या गावातल्या माणसाला आकडा पाठवून पटावर बोलवायची सोय केली, नेट नसेल तर एकाच फोनवर चौघांना खेळता येईल असं ठेवलं. २०२० मध्ये सगळं कुटुंब वेगवेगळ्या घरांत अडकलं तेव्हा ती सोय दारात उभी होती. काकांना जे जुनं दिसतंय त्यात नेमकी एक गोष्ट नवीन होती. आणि त्यांच्या मनात पैसे लावायचा लुडो असेल तर तो रस्ता ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंद केलाय, तिकडे बघूच नका.

नकलेत सुरक्षितता आहे हा समज माझा कसा गेला ते सांगते. कँडी क्रश २०१२ मध्ये आला. तोही काही आकाशातून पडला नव्हता. १९९४ चा रशियन शारिकी, २००१ चा बिजवेल्ड, असं त्याचं कूळ आहे. मी तेव्हा पुण्यात एका कंपनीत होते. आम्हाला आदेश आला की असंच काढा. सोळा महिने मी फळं, मिठाया, हिरे आणि भाज्या तीन-तीनच्या ओळीत लावत होते. भाज्यांच्या आवृत्तीत वांग्याची छटा कोणती असावी यावर अडीच तास मीटिंग झाली आहे, मी त्यात होते. गेम वाईट नव्हते. पण मोबाइलवर हिशेब एकच: जाहिरात करून एक खेळाडू आणायला किती पडतात, आणि तो गेम काढून टाकेपर्यंत किती देऊन जातो. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असला की प्रत्येक नव्या खेळाडूबरोबर तोटा वाढतो. सगळ्यांची मिठाई सारखीच असली की जाहिरातीत वेगळं दाखवायला काही उरत नाही, मग ज्याच्याकडे जाहिरातीला जास्त पैसे तो जिंकतो. आमच्याकडे नव्हते. चारही गेम गेले. त्यानंतर जाहिरात आधी आणि गेम नंतर, असाही काळ मी पाहिला: नसलेल्या गेमचा तीस सेकंदांचा व्हिडिओ करून चालवायचा, लोकांनी बोट लावलं तरच गेम बांधायचा. मला त्याची शिसारी यायची. आता वाटतं, पद्धत वाईट नव्हती, ती वापरून विचारलेले प्रश्न भिकार होते.

म्हणजे नवीन केलं की चालतं का? माझा स्वतःचा गेम विचार. इथे परत आल्यावर मी साखर कारखान्याच्या दारातल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेवर कोडं केलं होतं. ऊस वाळायच्या आत ट्रॉली काट्यावर न्यायची, टोळी सांभाळायची, नंबर मागेपुढे करायचे. दोन वर्षं लागली. कल्पना आजही मला आवडते. विक्री चार आकडी झाली नाही. चूक कुठे झाली ते आता स्वच्छ दिसतं: मी विषय नवीन घेतला, नियम नवीन घेतले, बोटाने चालवायची पद्धतही नवीन काढली. खेळणाऱ्याला हात धरायला एकही ओळखीची जागा ठेवली नाही. पहिल्या तीन मिनिटांत लोक बाहेर पडत होते, आणि हे मला दीड वर्षाने कळलं, कारण तोवर मी तो कुणाच्या हातातच दिला नव्हता. दोन आठवड्यांत कळलं असतं तर दोन आठवडेच गेले असते.

त्याउलट बालाट्रो बघ, फेब्रुवारी २०२४ चा. कॅनडातल्या एका माणसाने एकट्याने केला. पत्ते तेच, पोकरचे हात तेच, जोडी कशाला म्हणतात ते शिकवावं लागत नाही. फक्त नियम मोडणारे जोकर विकत घ्यायचे. वर्षभरात ५० लाख प्रती. ओळखीचं नव्वद टक्के, आणि उरलेल्या दहात त्याने पूर्ण जीव ओतलाय.

आता तुझ्या कुस्तीवर येऊ. तू पाठवलेल्या व्हिडिओत बावीस डाव आहेत आणि प्रत्येकाला एक बटण. भावा, हे खासबागेचं चित्र लावलेलं टेकन झालं, बटणं बडवायचा मारामारीचा गेम. १९१२ चं मैदान सुरेख काढलंयस, हलगीही चांगली वाजते, पण आत जे चाललंय ते कुस्ती नाही. कुस्तीत पहिली दोन मिनिटं प्रेक्षकाला काहीच होत नसल्यासारखं वाटतं, आणि खरी कुस्ती त्यात असते. खडाखडी. हाताला हात लावून समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते पैलवान हाताने वाचतो. मी बघितलेल्या कुठल्याही कुस्तीच्या गेममध्ये ही गोष्ट नाही. सगळ्यात जवळ गेला तो निन्टेन्डोच्या एन-६४ या जुन्या यंत्रावरचा २००० सालचा नो मर्सी: बटण टिचकीसारखं दाबलं तर हलकी पकड, दाबून धरलं तर घट्ट. एवढ्या एका फरकाने लोक अजून त्याची आठवण काढतात.

फोनवर तुझ्याकडे दोन अंगठे आहेत आणि फोन थरथरतो. डावा अंगठा डावा हात, उजवा अंगठा उजवा हात. समोरच्याचं वजन ज्या बाजूला गेलं त्या बाजूची थरथर बदलायला हवी. स्वस्त फोनमध्ये ती नुसती चालू-बंद होते, आणि डावी-उजवी तर बहुतेक कुठल्याच फोनमध्ये कळत नाही. मग ठोक्यांच्या लयीने सांगावं लागेल, किंवा हलगीच्या आवाजाने. इथे डोकं घाल. बाकी सगळं ओळखीचं ठेव. बावीस डाव काढून तीन ठेव: ढाक, एकेरी पट, घिस्सा. प्रत्येकाची एक तोड. वजन चुकीच्या पायावर असताना डाव मारला तर आपणच अस्मान बघायचं. नाणी, पोशाख, रोजची बक्षिसं, यातलं काहीही आत्ता लावू नकोस. मातीसुद्धा आत्ता तपकिरी चौकोन असली तरी चालेल. तुझ्या मित्राने त्या मातीच्या कणांवर तीन आठवडे घालवले असं तू लिहिलंयस, ते वाचून माझ्या पोटात गोळा आला.

खर्चाचं म्हणशील तर गोडो इंजिन फुकट आहे. प्ले स्टोअरवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर. वैयक्तिक खातं नवीन असेल तर गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी गुगल किमान बारा जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून मागतं. बरेच जण ही अट नातेवाइकांचे फोन गोळा करून उरकतात. तू तसं करू नकोस. तालमीतले बारा जण धर. शब्दाने काही विचारू नकोस, नुसता मागे उभा राहून त्यांचे अंगठे बघ. पैलवान फोन हातात घेऊन नकळत स्वतःचा खांदा वळवायला लागला तर समज पकड लागली. चौदा दिवसांनी बारातले किती जण आपणहून उघडतायत ते मोज. दोनच असतील तर थरथरीची दुसरी पद्धत कर आणि पुन्हा दे. असे चार-पाच फेरे सहा महिन्यांत होतात, कॉलेज सांभाळून.

काकांशी मात्र त्यांच्या भाषेत बोल. नवीन ग्राहकाचं ड्रॉइंग आलं की ते लगेच पाच टन ओततात का? आधी लाकडी पॅटर्न, मग दोन-चार सँपल, ग्राहक माप घेऊन पास करतो, आणि ऑर्डर मोठी असेल तरच ॲल्युमिनियमच्या पॅटर्नचा खर्च. सँपल रिजेक्ट झालं म्हणून कुणी फाउंड्री बंद करत नाही. तू त्यांच्याकडे पाच टनांचे पैसे मागितलेस, म्हणून ते लुडोकडे बोट दाखवतायत. सँपलचे माग. चौघांचा सहा महिन्यांचा चहा-नाश्ता, दोन जुने स्वस्त फोन, एक बरा लॅपटॉप. एवढं फसलं तर त्यांना भट्टीच्या एका खराब हीटइतकंही लागणार नाही, आणि पास झालं तर पुढचं बोलणं ते स्वतः काढतील. नाहीच काढलं तर बाहेर विचारायलाही तेच सँपल लागतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने राजी हा गेम केला. लोकवर्गणीची त्यांची मोहीम २०१७ मध्ये फसली, पण दाखवण्यासारखा तुकडा हातात होता, त्यावर एपिक कंपनीचं अनुदान मिळालं, आणि २०२० मध्ये गेम निन्टेन्डो स्विचवर आला.

गेमचं पहिलं चालतं बिल्ड झालं की माझ्याकडे घेऊन ये. स्क्रीनला तडा गेलेला ३ जीबी रॅमचा एक फोन मी मुद्दाम जपून ठेवलाय, त्यावर चाललं पाहिजे. काकांनाही आण. वडिलांचा एखादा पॅटर्न त्यांच्या फाउंड्रीत नक्की गेला असेल, ओळख निघेल.